काकाच्या रक्ताचं कडवं

मांडव उभा राहिला, डेकोरेशनवाल्याने लाल-पिवळे पडदे ताणून बांधले, लाऊडस्पीकरवाला 'हॅलो, चेक' म्हणून म्हणून दमला, आणि दुपारचे तीन वाजले तरी नावड्यातल्या त्या घरात करवली कोण, हे काही ठरत नव्हतं.

खरं म्हणजे त्यात ठरवायचं काय होतं? दिपेशला सख्खी बहीण एकच, नमिता. हळदीच्या पाटावर नवरदेव बसला की त्याच्या मागे कऱ्हा-दिवा घेऊन उभं राहायचं, ते तिनेच. पण नमिता चौदाची असून नऊची दिसायची, अंगण ओलांडलं तरी तिला धाप लागायची आणि खोकायला लागली की आळीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. लोकांना सांगितलं होतं की दमा आहे, तळोज्याच्या कंपन्यांच्या धुराने झालाय. ही थाप सगळ्यांना पटायची, कारण धूर सगळ्यांच्याच नाकात होता.

"श्रुतीला उभी करू," कमळाकर म्हणाला. तो नमिताचा थोरला काका, घरातला कर्ता. शेती सिडकोत गेल्यावर विटा-रेतीच्या धंद्यात शिरला आणि कमळाकरशेठ झाला. "माझी पोरगी काय परकी हाय? चुलत बहीन ती बहीनच."

"मंग काय तर!" त्याची बायको गुलाब लगेच म्हणाली. "उलव्यावरनं नवरीकडची मानसं उष्टी हलद न्यायला येनार. ही पोर त्यांच्यासमोर खोकली, तर विचारतील ना? आज दमा बोलशील पुतळा, पन उद्या कोनी खोदून काढलं तर? पोराचं लगीन मोडंल. मंग बस बोंबलत."

पुतळा सुपात हळकुंडं निवडत होती. ती नमिताची आई. तिने मान वर केली नाही. तिचा नवरा हिरामण भिंतीला टेकून बसला होता. दादा बोलत असताना मधे बोलायचं नाही, ही सवय त्याला लहानपणीच लागली होती आणि त्या सवयीपायी बायकोने काय काय ऐकून घेतलं, ते तिचं तिलाच माहीत.

"वैनी, पोरीनं सहा महिनं झालं कऱ्हा घासून ठेवलाय," पुतळा एवढंच म्हणाली.

दुसरी गोष्ट तिने सांगितली नाही. रोज पहाटे ती नमिताला खाटेवर पालथी घालायची, पोटाखाली उशा, डोकं खाली लोंबतं, आणि हाताची ओंजळ करून वीस मिनिटं पाठ थापटायची. भाकरी थापावी तसा आवाज यायचा. मग कफ सुटायचा, हिरवा, वाटीभर, तो राखेच्या डब्यात. संध्याकाळची पाळी दिपेशची. आज अंगाला हळद लागायची होती, तरी सकाळी त्यानेच थापटलं. आईला म्हणाला, तू चूल बघ, मी करतो.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी हे शिकवलं होतं. त्याआधी टीबीची औषधं तीनदा झाली होती, दर वेळी आठ-आठ महिने. खोकला गेला नाही. मग दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं आणि कागदावर एचआयव्ही आलं. बाईंनी समजावलं होतं, "या आजारात शरीराची राखण जाते. परत परत न्यूमोनिया झाला, टीबी झाला, त्यात फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या सैल पडल्या. आता हा टीबी नाही. कफ साचणार, तो काढत राहायचा. दम कमीच राहणार." घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे. 'मुंबईचा कागद' म्हणत. घरातल्या पाच माणसांना ठाऊक होतं आणि पाचही माणसं ते देवघराच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यागत जगत होती.

एवढ्यात धवलारीण आली. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. तिच्या धवल्यांशिवाय हळद लागत नाही. सुंदराबाई सत्तरीची, आवाज मात्र खणखणीत. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याने काय केलं ते गुंफून ती गाते.

"नावं सांगा गो पटापट," ती उंबऱ्यातच बसत म्हणाली. "आयव पुतळा, बापूस हिरामन. मामा कोन? नंदकिशोर येनार ना?"

पुतळाच्या हातातलं हळकुंड खाली पडलं.

"त्याला सुट्टी नाय," गुलाब म्हणाली.

"भाच्याच्या हलदीला सुट्टी नाय? कमाल झाली बाई! बरं, करवली आपली नमिता. तिच्यासंगं काकाचं कडवं हाय माझं. टेंपून पाडली पोर गो, काकान दिलं रगत गो... पाच लग्नांत गायलंय. बाया डोळं पुसतात."

"ते कडवं यंदा नको, मावशे," कमळाकर एकदम म्हणाला.

"का रं? लाज वाटते व्हय?" म्हातारी हसली. "स्वताचं रगत काढून दिलंस, चोरी नाय केलीस. आनि एक सांगून ठेवते, माझा नेम म्हाईत हाय ना? कडवं चालू असताना मधेच तुटलं तर ते अर्धं सोडत नाय मी. परत पयल्यापासून घेते. म्हनून त्या लाऊडस्पीकरवाल्याला सांगा, मधे वायर काढू नको."

ती चहा प्यायला मांडवात गेली. कमळाकर मात्र घामाने भिजला होता. गुलाबला वाटलं, उकडतंय. तिने पंखा वाढवला.

*

लाज वाटते का म्हणे! कमळाकरला अकरा वर्षं दुसरं काही वाटतच नव्हतं.

सत्त्याऐंशी साल. नमिता तीन वर्षांची. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली सापडली, पोटात रक्तस्राव, ऑपरेशन. हिरामणला नुकतीच कावीळ होऊन गेलेली, त्याचं रक्त घेईनात. पुतळाचं जुळेना. जुळलं ते कमळाकरचं. "पायजे तेवढं काढा!" असं तो छाती पुढे काढून म्हणाला होता, सगळ्यांच्या देखत. मग त्याला एका खोलीत नेलं, बाकड्यावर झोपवलं आणि त्याने ती सुई बघितली. चाळिशीला आलेला बाप्या, भरतीच्या खाडीत होडी घालणारा. मागच्या दाराने पळाला.

दाराबाहेर रक्त विकणारा एक माणूस बसलेला असायचा. पिवळे डोळे, खाकी पँट, दंडावर सुयांचे डाग. बाटली पायजे का, म्हणाला. हवीच होती. गट जुळला, ती बाटली आत गेली, पोर वाचली. आणि कमळाकरने खिडकीतल्या ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला, चिकटपट्टीने कोपराच्या खोबणीत लावला आणि वॉर्डात येऊन उभा राहिला. पुतळा त्याच्या पाया पडली. महिनाभर तिने खाडीच्या चिखलात गुडघाभर जाऊन निवट्या मासळ्या पकडल्या, रक्त भरून यावं म्हणून त्याला कालवण करून घातलं. आणि तो जेवला. वर भात मागून घेऊन जेवला.

एवढंच असतं तर कदाचित त्याने स्वतःला माफ केलं असतं. भीती कोणालाही वाटते. पण दोन वर्षांपूर्वी मुंबईचा कागद आला. हिरामण आणि पुतळाची तपासणी झाली, दोघं स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलीला कधी रक्त दिलं होतं? हिरामण अभिमानाने म्हणाला, "माझ्या दादाचं, मॅडम." मग दादाला बोलावलं. तो गेला. या खेपेला सुईला घाबरला नाही, कारण खरं बोलण्याची भीती तिच्याहून मोठी होती. त्याचा कागद स्वच्छ आला. येणारच होता. तो कागद त्याने घरात आणून दाखवला आणि मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, की मग आलं कुठून?

गुलाबने उत्तर शोधलं. नमिता लहानपणी सुट्टीत मामाकडे राहायची. ताप आला की नंदकिशोर तिला गावातल्या एका सुया टोचणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचा म्हणे. त्या सुयांनीच झालं. पुतळा त्याच दिवशी माहेरी गेली, भावाच्या दारात उभी राहून नाही नाही ते बोलली, उंबऱ्यावर थुंकली आणि परत आली. दोन वर्षं तिने भावाचं तोंड बघितलं नाही. त्या वेळी कमळाकर ओटीवर बसून पेपर वाचत होता. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याने गिळलं.

यंदा जानेवारीत त्याच पेपरात आलं की रक्त विकायला आता बंदी झाली. त्याने तो पेपर चार घड्या करून गादीखाली घातला, जसं काही त्यात त्याचं नावच छापलं होतं. थू त्या जिनगानीवर, असं तो रोज अंघोळीला बसला की स्वतःला म्हणायचा. आणि अंघोळ करून बाहेर येऊन परत शेठ व्हायचा. नमिता समोर उभी राहिली की त्याला ती बाटली दिसायची. म्हणून ती समोर नको होती, बाकी उलव्याची माणसं वगैरे सगळी सबब.

*

नमिता दारामागे होती. घरातल्या मोठ्यांना वाटत होतं, तिला काही कळत नाही. हॉस्पिटलात फाईलवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलेलं असतं आणि आठवीतल्या मुलीला वाचता येतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दिपेश बाहेरून आला तो तापलेलाच. "काय चाललंय हे? करवली नमी नसेल, तर मी पाटावर बसत नाय. सांगून ठेवतो."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी..." गुलाब म्हणाली.

"माझ्या भल्याचं टेन्शन नका घेऊ, काकी. उलव्याला सोनलच्या घरी सांगून टाकू का सगळं? मी तयार हाय."

"सांग! सांग आनि मोडून घे!" गुलाबचा आवाज चढला. "ज्यानं पोरीला सुया टोचवल्या तो मामा राहिला बाजूला, आनि आमीच वाईट. यांनी सोताचं रगत दिलं या पोरीला. त्याचं हेच फल?"

तेव्हा नमिता बाहेर आली. परकर-पोलकं, केसांत अबोली, हातात घासून लख्ख केलेला तांब्याचा कऱ्हा. बोटांची टोकं फुगून गोल झालेली, म्हणून तो तिने दोन्ही तळव्यांत धरला होता. चार पावलांत तिला थांबावं लागलं. तिने श्वास जमवला.

"काका," ती म्हणाली, "तुमचं रक्त काढलं, तेव्हा दुखलं होतं?"

कमळाकरने तिच्याकडे बघितलं.

"मंगळवारी माझं परत काढणार हायत. सुई दिसली की मला कसंतरीच होतं. तुमी तर अख्खी बाटली दिली. म्हणून विचारते." मग जरा थांबून, खाली बघून म्हणाली, "आणि सॉरी, काका. मला माहिती हाय मला काय झालंय. तुमचं रक्त चांगलं होतं. माझ्यात येऊन खराब झालं."

एवढी लाज एवढ्याशा पोरीच्या तोंडावर! जिने काही केलं नव्हतं, ती माफी मागत होती आणि ज्याने केलं होतं, तो खुर्चीवर बसला होता. कमळाकर उठला. त्याचा उजवा हात आपोआप डाव्या कोपरावर गेला, अकरा वर्षांपूर्वी कापूस होता तिथे.

"माझं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?" हिरामण.

"रगत. माझं नव्हतं. मी पललो. भ्यालो नि पललो. दारात एक मानूस बसायचा, त्याचं घेतलं." तो पुतळाकडे वळला. "नंदकिशोरच्या सुया नाय, काय नाय. ती बाटली मी आनली."

गुलाब "अगो बाय" म्हणून मटकन खाली बसली. दिपेश पुढे सरसावला, पण आईने हात आडवा केला. पुतळा रडली नाही. ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली आणि अगदी बारीक आवाजात विचारायला लागली.

"तो कापूस?"

"मीच लावला."

"मी निवट्या आनायची..."

"खाल्ल्या."

"आनि दोन वर्सांमागं तपासून आलाव, कागद दाखवलाव मला. तवा?"

कमळाकरने हात जोडले.

"तवा का नाय बोललास?" पुतळा म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिने थोरल्या दिराला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "मी भावाच्या दारात थुंकून आले. रडत होता तो. बोलला, ताई, पोरीची शपथ, मी तिला तापाच्या गोलीशिवाय काय दिलं नाय. मी बोलले, मर. माझ्या तोंडानं बोलले मी. आनि तू वटीवर पेपर वाचत होतास!"

"मांडवात सांगतो," कमळाकर म्हणाला. त्याचे हात जोडलेले होते. "आत्ता माइक घेतो. सगल्या गावासमोर सांगतो, मी नालायक हाय म्हनून. मना जड झालंय, पुतळा."

"काय सांगशील? कसलं रगत, कुनाचं रगत, पोरीला काय झालं, सगलं सांगशील? तुझं ओझं उतरायला माझ्या पोरीला उघडी पाडशील?" ती त्याच्या अगदी समोर आली. "काय नाय सांगायचं. सुंदराबाई ते कडवं गानार. नाय गायलं तर लोक विचारतील का नाय गायलं. तू मांडवात उभा राहायचं आनि ऐकायचं. समजलं?"

"पुतळा, ते नको. दुसरं काय पन सांग."

"तेच."

हिरामण आत्तापर्यंत भिंतीला टेकून होता. तो उठला, कमळाकरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि जीपची किल्ली काढली. विचारलं नाही. "मी नंदकिशोरला आनतो," म्हणाला. दारात जाऊन परत वळला, भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, मी तुझं नाव अभिमानानं सांगितलं होतं रे त्या मॅडमला." आणि गेला.

नमिता कऱ्हा धरून तशीच उभी होती. "म्हणजे मी खराब नाय केलं?" तिने दिपेशला विचारलं. दिपेशने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो त्याला काढवेना.

*

दिवेलागणीला हळद सुरू झाली. नंदकिशोर आला तो कामावरच्या शर्टातच. पुतळा त्याला दारातच सामोरी गेली. तिने वाकून त्याचे पाय धरले. मोठी बहीण धाकट्याचे पाय धरते, हे बघून तो घाबरलाच. "उठ गो ताई, लोक बघतात," म्हणाला. "हिरामनभावजींनी सांगितलं गाडीत. उठ." त्यालाच आता रडू फुटेल असं वाटत होतं, म्हणून त्याने घाईने मुंडावळ्यांचं ताट मागितलं.

पाटावर दिपेश. मागे नमिता, हातात कऱ्हा, कऱ्ह्यावर दिवा. उभं राहून दम लागेल म्हणून गुलाबने न बोलता एक स्टूल आणून तिच्या मागे ठेवलं. नमिता बसली नाही. उलव्याची पाहुणी माणसं पहिल्या रांगेत कोल्ड्रिंक पीत होती. त्यांच्यातल्या एकीने विचारलंच, पोरीला काय होतं? "छातीचं दुखनं हाय," पुतळाने सांगितलं. ते खोटं नव्हतं आणि तेवढ्यावर त्या बाईचं समाधान झालं.

कमळाकर मांडवाच्या मधल्या खांबाजवळ उभा होता, फेटा बांधलेला. सुंदराबाईने आईचं कडवं घेतलं, बापाचं घेतलं, मामाचं घेतलं. मामाच्या कडव्याला नंदकिशोरने तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हातारीने पुतळाकडे बघितलं. पुतळाने मान हलवली.

"टेंपून पाडली पोर गो, काकान दिलं रगत गो..."

मांडवातली तोंडं कमळाकरकडे वळली. बायका कौतुकाने हसल्या. शेजारचा सिताराम त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानूस असावा तर असा!" कमळाकरने खाली बघितलं. त्याच्या पायाजवळ कोणाची तरी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली पडली होती.

तेवढ्यात नमिताला खोकला आला. दिवा हलला. एकदा सुरू झाला की तो लवकर थांबत नसे, छातीतून खरवडून यायचा. उलव्याची बाई पेला खाली ठेवून बघायला लागली. दिपेशने पाटावरूनच मागे हात नेला आणि तिचं मनगट धरलं. म्हातारी थांबली. वाजंत्री थांबली. अख्खा मांडव वाट बघत राहिला. नमिताने श्वास जमवला, कऱ्हा सरळ केला.

सुंदराबाईने पहिल्यापासून घेतलं. "टेंपून पाडली पोर गो, काकान दिलं रगत गो..."

दुसऱ्या ओळीवर पुन्हा खोकला. पुन्हा सगळं थांबलं. कमळाकरने खांबाला धरलं. त्याला वाटलं, आता म्हातारी सोडून देईल, पुढचं घेईल. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, पुरे म्हणून. म्हातारीने पान थुंकलं, पदर सावरला आणि नेमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला बायकांना ओळी पाठ झाल्या होत्या. मांडवातल्या दोन-तीनशे माणसांनी मिळून ते कडवं गायलं, टाळ्या वाजवत, त्याचं नाव घेऊन, शेवटच्या शब्दापर्यंत.

दुसऱ्या वेळचा खोकला खरा होता की नव्हता, हे दिपेशला एकट्याला माहीत होतं, कारण मनगट त्याच्या हातात होतं. त्याने ते कोणालाही, कधीही सांगितलं नाही. कडवं संपलं तेव्हा कमळाकर फेटा काढून रडत होता आणि लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, पुतणीवर किती जीव आहे त्याचा.